गावाकडच्या आईवडिलांच्या गोळ्यांची पिशवी कशी सोडवायची

आमच्या आण्णांच्या उशाशी एक पिशवी असते, लग्नाच्या बस्त्याची, पिवळी, नाडीची. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मी ती बाजेवर उपडी केली तर १९ पाकिटं निघाली, त्यातली सहा अर्धी कापलेली, एक कुत्र्याच्या गोचीडाची, आणि दोन डोळ्यांच्या ड्रॉपच्या बाटल्या ज्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या, म्हणजे तीन वर्षं जुन्या. आण्णा ७४ चे, बीपी आणि शुगर. आई ६८ ची, थायरॉईड आणि बीपी. मी पुण्यात हडपसरला, ते सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात. मी डॉक्टर नाही, नर्स नाही, ऑफिसात बिलं बघते. पण या पिशवीपायी जे शिकले ते कुणीतरी आधी सांगितलं असतं तर आण्णा गोठ्यात पडले नसते, म्हणून हे लिहितेय.

पडले ते असे. सरकारी दवाखान्यातून त्यांना बीपीची अम्लोडिपिन चालू होती. मग तालुक्याच्या एका खाजगी डॉक्टरांनी दुसरी गोळी दिली, ती होती दोन औषधं एकत्र असलेली आणि त्यातलं एक पुन्हा अम्लोडिपिनच. आण्णांनी दोन्ही चालू ठेवल्या, कारण रंग वेगळा, नाव वेगळं, आणि "सरकारी ती वेगळी, ही भारीतली." पाय सुजले. सुजेसाठी तिसरीकडून लघवीची गोळी मिळाली. मग रात्रीतून चारदा उठायचं, सकाळी चक्कर. चक्करीला अजून एक गोळी. कुणीच चुकीचं औषध दिलं नव्हतं बघा, प्रत्येकाने समोर दिसलं त्यावर दिलं, पण अख्खी पिशवी कुणालाच दिसली नव्हती.

तर सुरुवात तिथूनच करायची.

१. पिशवी रिकामी करा, पण भांडू नका

पहिल्या दिवशी मी आण्णांवर ओरडले आणि त्यांनी निम्मी पाकिटं लपवली. ती मला नंतर देव्हाऱ्यामागे सापडली. त्यामुळे आधी नुसतं विचारा, "ही कशाची, कुणी दिली, कधी घेता." उत्तर ऐकून घ्या. "ती पांढरी नको वाटलं की घेतो" असं उत्तर आलं तर ते सोनं आहे, लिहून घ्या.

फक्त पिशवी बघून भागत नाही. फडताळ, शर्टाचा खिसा, दुचाकीची डिकी, फ्रीजचं दार, शेतातल्या खोपीतला डबा, सगळं बघा. काढा, चूर्ण, गुडघ्याला लावायचं तेल, शुगरसाठी कुणीतरी दिलेली झाडपाल्याची पावडर, हे पण बाजेवर आलं पाहिजे. आईवडील याला औषध म्हणतच नाहीत त्यामुळे विचारल्याशिवाय सांगत नाहीत. "अगं ते काय औषध आहे का, घरचंच आहे."

जवळ काय काय लागेल ते आत्ताच सांगते:

- सगळ्या जुन्या चिठ्ठ्या, केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, लॅबचे रिपोर्ट
- आधार कार्ड, आणि आधारला जोडलेला मोबाईल (ओटीपी येतो, आणि तो मोबाईल नेमका भावाकडे असतो)
- असेल तर १४ आकडी आभा नंबर (सरकारचा आरोग्य खात्याचा ओळख क्रमांक)
- जाड मार्कर, कात्री, चिकटपट्टी, आणि एक १०० पानी वही
- दंडाला बांधायचं बीपी मशीन, शुगर असेल तर ग्लुकोमीटर. मनगटाचं बीपी मशीन घेऊ नका, मी घेतलं, पैसे वाया गेले

२. यादी करा, कंपनीच्या नावाने नाही, आतल्या औषधाच्या नावाने

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून इथे जास्त वेळ घेते. पाकिटावर पटकन नजरेत भरतं ते नाव बहुतेक वेळा कंपनीने ठेवलेलं. त्याच्या वर किंवा खाली, कधी बारीक अक्षरात, जे असतं ते खरं औषध. मोबाईलने फोटो काढून मोठा करा म्हणजे दिसेल. ग्लायकोमेट आणि ओकामेट ही दोन्ही शुगरची मेटफॉर्मिनच आहे. टेल्मा आणि टेल्मिकाइंड दोन्ही बीपीची टेल्मिसार्टन. एका डॉक्टरने एक लिहिली, दुसऱ्याने दुसरी, की घरात डबल डोस चालू.

त्याहून वाईट म्हणजे नावामागची शेपूट. नुसती टेल्मा वेगळी, टेल्मा एएम म्हणजे त्यात अम्लोडिपिन पण आहे, टेल्मा एच म्हणजे त्यात लघवीचं औषध आहे. नुसती ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन, आणि ग्लायकोमेट जीपी म्हणजे त्यात ग्लिमेपिराइड पण, जी शुगर चांगलीच खाली आणू शकते. मेडिकलवाल्याला फोनवर "आमच्या आण्णांची टेल्मा द्या" म्हणाल तर तो कुठली देईल याचा भरवसा नाही, शेपटासकट सांगा, मिलिग्रॅमसकट सांगा.

सरकारी पाकिटावर बहुतेक वेळा कंपनीचं मोठं नाव नसतंच, सरळ औषधाचं नाव असतं आणि विक्रीसाठी नाही असा शिक्का. म्हणून ती म्हाताऱ्या माणसांना "साधी गोळी" वाटते. साधी बिधी काही नाही. बीपीसाठी सरकारी दवाखान्यात सहसा अम्लोडिपिन ५ पासून सुरुवात करतात, आणि खाजगीतल्या जोडगोळ्यांमध्ये पण अम्लोडिपिन असतंच बऱ्याचदा, म्हणून सरकारी आणि खाजगी दोन्ही चालू असेल त्या घरात ही गडबड होणारच असं धरून चाला.

वहीत रकाने करा: औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, कशासाठी, कुणी दिलं, कधीपासून, आणि खरंच घेतात का. शेवटचा रकाना सोडू नका. आमची आई थायरॉईडची गोळी रोज घेत होती, पण चहाबरोबर. ती उपाशीपोटी साध्या पाण्याने घ्यायची आणि मग निदान अर्धा तास चहा नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि रिपोर्ट बिघडला की डोस वाढत होता.

३. अख्खी पिशवी एकाच डॉक्टरसमोर उघडा

यादी झाली की स्वतःच गोळ्या बंद करू नका. हात शिवशिवतात, मला माहितीय. पण काही गोळ्या अचानक बंद केल्या तर जिवावर येतं, विशेषतः हृदयाच्या काही गोळ्या, फिटच्या, झोपेच्या आणि स्टिरॉइडच्या.

गावातून तालुक्याला जायचं तर एसटीत ७५ च्या पुढे तिकीट फुकट, ६५ ते ७५ ला अर्धं, आणि बायकांना तसंही अर्धं, आधार जवळ ठेवा. डॉक्टर एकच ठरवा. एमबीबीएस असोत की एमडी, सरकारी असोत की खाजगी, पण एक. मग बाकी डोळ्याचे, हाडाचे, लघवीचे डॉक्टर जे लिहितील ते या एकाला दाखवायचं.

त्यांना काय विचारायचं ते चिठ्ठीवर लिहून न्या कारण आत गेलं की दोन मिनिटांत बाहेर येतो आपण:

यातली कुठली आता लागत नाही? कुठल्या दोन एकच आहेत? ही सूज, चक्कर, खोकला एखाद्या गोळीचा तर नाही? किडनी बघून डोस बरोबर आहे का? (क्रिएटिनिनचा रिपोर्ट न्या, मेटफॉर्मिन चालू असेल तर हे बघावंच लागतं.) आणि एखाद वेळ गोळी चुकली तर काय करायचं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक औषधांना असंच असतं की पुढच्या वेळी दोन एकदम घ्यायच्या नाहीत.

आमच्याकडे १९ पाकिटांची सात झाली. चक्करची आणि लघवीची दोन्ही गेली, कारण जास्तीची अम्लोडिपिन गेल्यावर सूजच गेली.

४. गोळ्या आणायच्या कुठून

उपकेंद्र साधारण ५ हजार लोकवस्तीला आणि प्राथमिक आरोग्य केंद्र ३० हजारांना असतं, डोंगरी आणि आदिवासी भागात ३ हजार आणि २० हजारांना. तिशीच्या पुढच्या सगळ्यांची बीपी-शुगर तपासायची सरकारी मोहीम आहे, आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात तो तोच. आईवडिलांनी "आम्हाला काय नाही" म्हणून तिला परत पाठवलं असेल तर तुम्ही परत बोलवा. एकदा नाव लागलं की दर महिन्याला गोळ्या मिळतात. बीपीसाठीचा जो राष्ट्रीय कार्यक्रम आहे तो महाराष्ट्रात पहिल्यांदा सुरू झाला त्यात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा हे जिल्हे होते, त्यामुळे आमच्या इथल्या सिस्टरांना हे तोंडपाठ आहे, तुमच्याकडे कदाचित थोडं विचारावं लागेल. उपकेंद्रावरचे समुदाय आरोग्य अधिकारी ई-संजीवनी या सरकारी सेवेवर मोठ्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणं पण करून देतात. नेट असलं तर.

आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचे पण पैसे नाहीत.

अडचण एकच, कधीकधी गोळी शिल्लक नसते. तेव्हा आईवडील काय करतात? गप्प बसतात. "पुढच्या महिन्यात बघू." बीपीच्या गोळीला हे चालत नाही. म्हणून दहा दिवसांच्या गोळ्या नेहमी हाताशी राहतील असं बघा, आणि सरकारीत नसेल तर जनऔषधी केंद्रातून त्याच औषधाची आणा, ती बाजारातल्या ब्रँडपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. जवळचं केंद्र कुठे ते जनऔषधी सुगम नावाच्या ॲपवर दिसतं. चिठ्ठीवर कंपनीचं नाव असलं तर डॉक्टरांना सांगून औषधाचं नाव लिहून घ्या.

इथला सापळा: ७० च्या पुढच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत. जरूर काढा. पण ते ॲडमिट झाल्यावर. महिन्याच्या गोळ्या त्यातून मिळत नाहीत. आमच्या शेजारचे काका कार्ड घेऊन मेडिकलवर गेले आणि भांडून आले.

दुसरा सापळा मेडिकलवरच. पाच गोळ्या मागितल्या की तो कात्रीने पाकीट कापतो, आणि तारीख त्याच्याकडच्या तुकड्यावर राहते. शक्यतो अख्खं पाकीट घ्या, नाहीतर कापायच्या आधी नावाचा आणि तारखेचा फोटो काढा.

५. घरात लावणं

बाजारात सात दिवसांचे डबे मिळतात, शहरात चांगले चालतात. आमच्याकडे नाही चालले. आण्णांना ती झाकणं उघडेनात आणि त्यावरची इंग्रजी अक्षरं वाचता येईनात. मग तीन स्टीलचे डबे केले, चहापत्तीचे असतात तसले. एकावर मार्करने सूर्य, एकावर भाकरी, एकावर चंद्र. सूर्य म्हणजे उठल्या उठल्या, भाकरी म्हणजे जेवणाबरोबर, चंद्र झोपताना. गोळ्या पाकिटातच ठेवल्या, फक्त पाकिटं त्या त्या डब्यात. एकच गोळी दोन वेळा असेल तर पाकीट मध्ये कापून दोन डब्यांत, पण एकेका गोळीपुरतं पाकीट कापू नका, अंधारात पाकिटाच्या तुकड्यासकट गिळतात, त्या कडा घशात चिरतात.

"सकाळी ८ वाजता" असं सांगून उपयोग नाही. गावात आठ वाजता आण्णा कुठे असतील देवाला माहीत. "गाईची धार काढून आल्यावर", "भाकरीचा पहिला घास खाल्ला की", "मालिका संपली की" असं सांगा. तुमच्या घरात रोज न चुकता होणारी गोष्ट कुठली ती तुम्हालाच माहिती.

गोळी कुटायची किंवा मोडायची सवय असेल तर बघा. पाकिटावर एसआर, एक्सआर, ईआर असं काही असेल तर ती हळूहळू विरघळणारी गोळी आहे, ती कुटली तर दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. गिळायला जड जात असेल तर डॉक्टरांना सांगा, दुसरी मिळते.

६. पेनकिलर, पुडी आणि सलाईन

मला वाटतं गावाकडे खरं नुकसान इथे होतं, बीपी-शुगरच्या गोळ्यांनी नाही.

अंग दुखतं, गुडघे दुखतात, भांगलून आलं की कंबर मोडते. मेडिकलवर दहा-वीस रुपयांत डायक्लोफिनॅकसारखी गोळी मिळते आणि ती रोजची होते. ती बीपी वाढवते, किडनीवर ताण टाकते, आणि हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. काळी डांबरासारखी शी झाली तर हे लगेच लक्षात घ्या आणि दवाखाना गाठा. दुखण्यासाठी कुठली गोळी चालेल ते तुमच्या त्या एका डॉक्टरांनाच विचारा, बहुतेक वेळा पॅरासिटामॉलपासून सुरू करतात.

पुडी म्हणजे कागदात बांधलेल्या तीन रंगांच्या सुट्या गोळ्या, नाव नाही, तारीख नाही. "त्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे, एका पुडीत गुडघा गेला." एका दिवसात गुडघा गेला तर मनात शंका आली पाहिजे की यात स्टिरॉइड आहे. त्याने दुखणं खरंच पळतं, भूक लागते, तरतरी येते, म्हणून तर लोक परत परत जातात. आणि मग शुगर वाढते, बीपी वाढतो, चेहरा गोल होतो, हाडं ठिसूळ होतात. महिनोन्महिने घेतली असेल तर एकदम बंद पण करायची नाही, शरीराची स्वतःची बनवायची सवय गेलेली असते, डॉक्टर हळूहळू कमी करतात. नियम साधा ठेवा: नाव नसलेली गोळी घरात नको. डॉक्टरांना सांगायचं, "पाकिटात द्या आणि चिठ्ठीवर लिहा." जे लिहायला तयार नाहीत तिथे परत जायचं नाही.

सलाईनचं काय सांगू. आमच्या गावात पाहुण्याला चहा विचारावा तसं "एक बाटली लावून घे" म्हणतात. अशक्तपणा वाटला की सलाईन. आण्णांच्या वयात हृदय किंवा किडनी कमजोर असेल तर ते पाणी फुफ्फुसात साठून दम लागू शकतो. आणि त्या बाटलीत मुख्यतः मीठ-पाणी किंवा साखर-पाणीच असतं. शुगरच्या माणसाला साखरेचं पाणी शिरेतून. मी आण्णांना हे सांगितल्यावर ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग चारशे रुपये कशाचे घेतो तो?"

७. एकादशी, वारी, लग्नसराई

शुगरची गोळी, विशेषतः ग्लिमेपिराइड असलेली, किंवा इन्सुलिन, आणि दिवसभर उपास, हे धोक्याचं आहे. उपास सोडा म्हणून कुणी ऐकणार नाही, माझ्या आईने तर मला घराबाहेर काढलं असतं. म्हणून डॉक्टरांना उपासाच्या दिवसाचा डोस वेगळा विचारून वहीत लिहून ठेवा. आणि संध्याकाळी साबुदाणा खिचडी, बटाटा, शेंगदाण्याचा लाडू एवढं एकदम पोटात गेलं की शुगर उलटी वर जाते, ते पण आहे.

आळंदीहून पंढरपूरला पायी जाणार असतील तर तीन आठवड्यांच्या गोळ्या दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, अर्ध्या खिशातल्या प्लास्टिकच्या पिशवीत, अर्ध्या दिंडीच्या ट्रकमधल्या सामानात, कारण पावसात भिजतात. यादीचा फोटो लॅमिनेट करून गळ्यातल्या ओळखपत्राबरोबर.

८. इन्सुलिन असेल तर

न उघडलेलं फ्रीजमध्ये, दारात नाही आणि बर्फाच्या कप्प्यात तर अजिबात नाही, गोठलं की फेकायचं. वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे बाहेर चालते पण मे महिन्यातलं आमच्याकडचं बाहेर म्हणजे पत्र्याखाली ४० च्या पुढे. फ्रीज नसेल किंवा लाईटचा भरवसा नसेल तर बाटली कोरड्या घट्ट डबीत घालून माठात ठेवा, माठ ओल्या वाळूवर, सावलीत.

सुईचं नीट बघा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० चं असतं, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, त्याला लाल टोपीची सिरिंज. १०० च्या सिरिंजची टोपी केशरी. पेनमधलं इन्सुलिन १०० चं असतं, ते लाल टोपीच्या सिरिंजने ओढलं तर अडीचपट डोस जातो. मेडिकलवाल्याकडे लाल नसली की तो केशरी देतो आणि म्हणतो चालतंय. चालत नाही.

९. गावात एक माणूस ठरवा

तुम्ही पुण्यात किंवा दुबईत बसून फोनवर "गोळी घेतली का" विचाराल तर उत्तर कायम "हो" येणार. ते खोटं बोलत नाहीत, ते तुम्हाला त्रास द्यायचा नाही म्हणून हो म्हणतात. त्यापेक्षा विचारा, "चंद्राच्या डब्यात किती राहिल्या?" मोजून सांगावं लागतं.

आम्ही चुलतभावाची बायको, वैनी, हिला सांगितलं, ती रोज तशीही दूध न्यायला येते. रविवारी ती डबे बघते, बीपी घेते आणि वहीच्या पानाचा फोटो मला टाकते. बीपी घेताना पाच मिनिटं टेकून बसवायचं, पाय जमिनीवर, आधी चहा नाही, मशेरी-तंबाखू नाही, आणि दोनदा घ्यायचा. एकदा १५० आला म्हणून घाबरून कुणाचीही गोळी अर्धी वाढवायची नाही. सलग चार-पाच वेळा १४०/९० च्या वर असला तर डॉक्टरांना दाखवायचा. तिला मी दिवाळीला साडी घेते, पैसे दिले तर घेत नाही.

१०. भिंतीवर लावायचा कागद

मोठ्या अक्षरात, फोनजवळ:

घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं: शुगर बघा, ७० च्या खाली असली (किंवा मशीन नसलं) तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून लगेच, १५ मिनिटांनी परत बघा, मग जेवण. बेशुद्ध असतील तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८.

तोंड वाकडं, एक हात उचलत नाही, बोबडं बोलणं: १०८, आणि किती वाजता सुरू झालं ते लिहून ठेवा, डॉक्टर पहिलं तेच विचारतात. "झोपू द्या, सकाळी बघू" नाही.

छातीत दाब, घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ: १०८. गॅस समजून सोडा प्यायला देत बसू नका.

सल्ला हवा असेल, घाई नसेल तर १०४. म्हाताऱ्या माणसांसाठीची हेल्पलाइन १४५६७.

खाली गोळ्यांच्या यादीची झेरॉक्स आणि त्यावर तारीख, कारण जुनी यादी भिंतीवर राहिली तर ॲम्ब्युलन्समधला माणूस तीच खरी धरतो. आमच्याकडे तीन महिन्यांपूर्वीची लागली होती, परवा वैनीने फाडून नवी लावली. आणि त्या मुदत संपलेल्या गोळ्या आण्णा उकिरड्यावर टाकायला निघाले होते, शेळ्या तिथेच चरतात. पाकिटातून काढून, राखेत आणि ओल्या मातीत कालवून, पिशवीत बांधून टाका.